टॉर्नेडोज: साथीला ठेवलेला बँड

लंडनच्या हॉलोवे रोडवर ३०४ नंबरला खाली चामडी सामानाचं दुकान आणि वर रेकॉर्ड निर्माता जो मीकचा स्टुडिओ. स्टुडिओ म्हणजे राहतं घरच. गाणारा बाथरूममध्ये, व्हायोलिनवाले जिन्यात. १९६१ मध्ये आपल्या गायकांना साथ द्यायला मीकने वादक जमवले, तेच टॉर्नेडोज. ड्रमवर क्लेम कॅटिनी, गिटारवर ॲलन कॅडी आणि जॉर्ज बेलामी, बेसवर हाइन्झ बर्ट. कीबोर्डवर रॉजर लव्हर्न थोडा मागाहून आला.

१० जुलै १९६२ ला टेलस्टार उपग्रह सुटला आणि मीकला त्याच नावाची चाल सुचली. त्याला नोटेशन येत नसे, वाद्यही वाजवता येत नसे. चाल तो गुणगुणून टेप करी आणि दुसऱ्या कुणीतरी ती सुरात बसवायची. बँड तेव्हा गायक बिली फ्युरीच्या साथीला ग्रेट यारमथला होता. लंडनला येऊन त्यांनी घाईत ट्रॅक वाजवले आणि पुढच्या शोला परत गेले. ज्या आवाजाने रेकॉर्ड गाजली, तो क्लॅव्हिओलाइन (छोटा इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड) नंतर मीकचा गीतकार-संगीतकार जेफ गोडार्डने वाजवून वर चढवला. तो टॉर्नेडोजचा सदस्यच नव्हता! (हे वाद्य आपल्याला परकं नाही. १९५४ च्या ‘नागिन’मधली बीन म्हणजे कल्याणजींनी वाजवलेला क्लॅव्हिओलाइनच.) यावर एका वेळी एकच सूर निघतो, म्हणून खालचा भरणा आधी तयार लागतो.

हा थर चढवायचा तर वाजलेली टेप एका मशीनवर लावायची, सोबत नवं वाद्य वाजवायचं आणि दोन्ही मिळून दुसऱ्या मशीनवर घ्यायचं. प्रत्येक फेरीत टेपची खरखर वाढते, आणि एकदा मिसळलेला ड्रम पुन्हा वेगळा काढता येत नाही. मीकला टेपचा वेग वाढवायचीही खोड होती. सुमारे ६ टक्के वेग वाढवला की पट्टी अर्ध्या सुराने चढते आणि तीन मिनिटांचा तुकडा दहा सेकंदांनी आखडतो. वाढ याहून कमी-जास्त झाली तर सूर दोन पट्ट्यांच्या मधे अडकतो, आणि रेकॉर्डसोबत गिटार जुळवणाऱ्याची पंचाईत होते.

डिसेंबर १९६२ मध्ये ‘टेलस्टार’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. ब्रिटिश बँडला हे प्रथमच जमलं होतं. पण बँड फ्युरीच्या साथीला बांधलेला, त्यामुळे अमेरिकेचा दौरा झालाच नाही. चाल चोरल्याचा दावा एका फ्रेंच संगीतकाराने लावला आणि मीकची रॉयल्टी अडकली. निकाल मीकच्या बाजूने लागला, पण तोवर तो गेला होता (३ फेब्रुवारी १९६७).

कॅटिनी पुढे सेशनच, म्हणजे इतरांच्या रेकॉर्डिंगला साथीला, वाजवत राहिला. ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलेल्या ४० हून अधिक गाण्यांवर त्याचे ड्रम आहेत. सिंगलच्या लेबलावर साथीदारांची नावं तेव्हा सहसा छापत नसत.