गुप्तधनशोधक यंत्रे

जमिनीत पुरलेले सोने-चांदी शेकडो मीटरांवरून दाखवण्याचा दावा करून विकली जाणारी उपकरणे. जाहिरातींत त्यांना ‘लाँग रेंज लोकेटर’ म्हणतात. खानदेशात अशा दाव्याला कान देणारे सहज भेटतात. फारुकी घराण्याने येथे १३८२ ते १६०१ या काळात राज्य केले, अकबराने असीरगड घेतल्यावर ते संपले, आणि थाळनेर, लळिंग यांसारख्या पडक्या किल्ल्यांभोवती हंड्यांच्या गोष्टी उरल्या. पूर्वी हंडा दाखवायला पायाळू माणूस किंवा मांत्रिक लागे. आता त्याच कामाला बॅटरी आणि पडदा जोडलेला असतो.

खरा मेटल डिटेक्टर याहून वेगळा आहे. त्याच्या तारेच्या वेटोळ्यातील बदलत्या विद्युतप्रवाहामुळे जवळच्या धातूत प्रवाह निर्माण होतात आणि त्यांचे चुंबकीय क्षेत्र यंत्र टिपते. हा परिणाम अंतराबरोबर इतक्या झपाट्याने घटतो की सुटे नाणे साधारण वीतभर खोलीपर्यंतच सापडते, मोठे भांडे फार तर मीटर-दोन मीटरपर्यंत. खानदेशातील काळ्या बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट हे चुंबकीय लोहखनिज असल्याने खोटे इशारेही मिळतात. पुरलेले सोने स्वतःहून कोणतीही लहर सोडत नाही. म्हणून ‘सोन्याची फ्रिक्वेन्सी’ पकडणारे यंत्र, ही कल्पनाच मुळात पोकळ आहे.

लांब पल्ल्याच्या बहुतेक यंत्रांत मुठीवर सैल फिरणारी दांडी असते. मनगट किंचित कलले तरी ती वळते, आणि धरणाऱ्याला आपण ती वळवली याचा पत्ता नसतो. अशा अजाणत्या हालचालींचे स्पष्टीकरण इंग्लिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ विल्यम कार्पेंटर यांनी १८५२ मध्ये दिले. पाणाड्याच्या हातातील फांदीलाही तेच लागू पडते. पुरलेली जागा धरणाऱ्याला आणि परीक्षकाला दोघांनाही ठाऊक नसेल अशी चाचणी घेतली की दांडीचे यश अंदाजाच्या पातळीवर येते.

न्यायालयांपर्यंतही हे प्रकरण गेले आहे. अमेरिकेत अमली पदार्थ आणि स्फोटके शोधण्याच्या दाव्याने विकल्या जाणाऱ्या ‘क्वाड्रो ट्रॅकर’ या यंत्राच्या विक्रीवर १९९६ मध्ये बंदी आली. गोल्फचे चेंडू शोधण्याच्या नावाने विकल्या जाणाऱ्या स्वस्त खेळण्यावर बेतलेले ‘एडीई ६५१’ स्फोटकशोधक म्हणून इराकला विकणाऱ्या जेम्स मॅकॉर्मिकला २०१३ मध्ये ब्रिटनमध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. गुप्तधनाच्या बाजारात फसलेला गिऱ्हाईक तक्रार करायला सहसा धजत नाही. खोदण्याचा हेतूच त्याला अडचणीत आणणारा असतो. विक्रेत्याजवळ सबबीही तयार असतात : माती ओली होती, हात स्थिर नव्हता, वरचे मॉडेल घ्यायला हवे होते.

जाहिरात कायद्याबद्दल मात्र गप्प राहते. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचे गुप्तधन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. न कळवल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. संरक्षित किल्ल्यांवर परवानगीविना खोदणे हा वेगळा गुन्हा आहे, आणि यंत्राच्या जोडीला मांत्रिकाने गुप्तधनासाठी अघोरी विधी केल्यास महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही लागू होतो.