पाण्याखालचे घर आणि सोलापूरचा प्रेक्षक

कुनियो कातो या जपानी दिग्दर्शकाचा 'त्सुमिकि नो इए' (ठोकळ्यांचे घर) हा सुमारे बारा मिनिटांचा ॲनिमेशनपट 2008 मध्ये तयार झाला. त्याच वर्षी फ्रान्समधल्या आन्सीच्या ॲनिमेशन महोत्सवात त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळाले आणि 2009 च्या फेब्रुवारीत सर्वोत्कृष्ट ॲनिमेशन लघुपटाचे ऑस्करही मिळाले. आठवण, म्हातारपण आणि एकटेपणा हे त्याचे विषय असल्याचे जगभर सांगितले जाते आणि ते खरेही आहे. सोलापुरात मात्र हा लघुपट पाहिल्यानंतर होणाऱ्या बोलण्यात आणखी एक प्रश्न हमखास येतो, विशेषतः करमाळा आणि माढा तालुक्यांतून शहरात आलेल्या कुटुंबांकडून. तो प्रश्न म्हणजे, हे पाणी चढवले कोणी? चित्रपट त्याचे उत्तर देत नाही. सोलापूर जिल्ह्यात तो प्रश्न इतक्या सहजपणे का पडतो, हे कळण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

चित्रपटातले गाव पाण्यात बुडत चाललेले आहे. पाणी चढले की एक वृद्ध गृहस्थ हातात थापी घेऊन विटांचा आणखी एक मजला रचतो, गरजेपुरते सामान वर नेतो आणि पूर्वीपेक्षा लहान झालेल्या खोलीत राहू लागतो. एकदा त्याचा तंबाखू ओढायचा आवडता पाइप जमिनीतल्या झडपेतून खाली पडतो. तो काढण्यासाठी पाणबुड्याचा पोशाख चढवून तो एकेक मजला खाली उतरतो, आणि प्रत्येक मजल्यावर त्याला आयुष्याचा एकेक टप्पा भेटतो: पत्नीचे आजारपण, मुलीचे लग्न, तिचे बालपण आणि शेवटी दोघांनी मिळून बांधलेले पहिले घर. जितके खोल जावे तितका काळ मागे सरकतो. संवाद एकही नाही. पेन्सिलीने घासल्यासारख्या पोताची चित्रे आणि संगीत एवढ्यावर सगळे चालते. मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी एकाच गल्लीत ऐकू येणाऱ्या या शहरात त्याचा एक सरळ फायदा असा झाला, की पूर्व भागातल्या विणकर घरातली आजी आणि तिचा महाविद्यालयात शिकणारा नातू यांना तो सारखाच कळतो.

आता उजनीकडे वळू. भीमेवरील या धरणाची पायाभरणी 1966 मध्ये यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते झाली आणि 1980 मध्ये ते पूर्ण झाले. भिंत माढा तालुक्यात आहे, पण फुगवटा वर करमाळा, इंदापूर आणि कर्जत या तालुक्यांपर्यंत पसरला, आणि नदीकाठची काळी जमीन, गावठाणे, विहिरी व देवळे त्याच्या पोटात गेली. जलाशयाला यशवंतसागर हे नाव मिळाले. ज्यांची घरे गेली त्यांच्यासाठी 1976 चा महाराष्ट्राचा पुनर्वसन कायदा होता. नवी गावठाणे आखली गेली, आणि जमिनीच्या बदल्यात जमीन मिळण्याचे प्रश्न पुढच्या पिढीपर्यंत रेंगाळले. उसाने जिल्ह्याचे रूप पालटले तेही याच पाण्यावर, हे विसरून चालणार नाही. ज्याची जमीन बुडाली आणि ज्याची भिजली ते दोघे बहुधा एकाच जिल्ह्याचे, कधीकधी तर एकाच भावकीतले होते.

या धरणाचे एक वैशिष्ट्य या चित्रपटाच्या संदर्भात फार महत्त्वाचे आहे. उजनीच्या सुमारे 117 टीएमसी (अब्ज घनफूट) एकूण साठ्यापैकी निम्म्याहून अधिक, म्हणजे जवळपास 63 टीएमसी, हा मृतसाठा, म्हणजे उपयुक्त पातळीच्या खाली राहणारे पाणी, आहे. उपयुक्त साठा संपला की टक्केवारी शून्याच्या खाली मोजली जाते आणि 'उजनी मायनसमध्ये गेली' हे वाक्य चहाच्या टपरीपासून वर्तमानपत्राच्या पहिल्या पानापर्यंत ऐकू-वाचायला मिळते. 2024 च्या उन्हाळ्यात धरण उणे 50 टक्क्यांच्याही खाली गेले होते. असे झाले की बुडालेली बांधकामे उघडी पडतात. इंदापूर तालुक्यातले पळसनाथाचे जुने मंदिर दिसू लागते, गाळातून जोती आणि भिंतींच्या रेघा वर येतात, आणि एरवी भिगवणला रोहित पक्षी पाहण्यासाठी येणाऱ्या पर्यटकांत जुने गाव दाखवायला नातवंडांना घेऊन आलेली माणसेही मिसळतात. कातोच्या म्हाताऱ्याला आठवणीपर्यंत पोहोचण्यासाठी बुडी मारावी लागते. इथे दुष्काळ पडावा लागतो. त्यामुळे इथला काही प्रेक्षक या चित्रपटाला रूपक म्हणून पाहतच नाही. त्याला तो वृत्तांत वाटतो, आणि वृत्तांत म्हटला की कारण कोण, भरपाई किती, हे विचारणे ओघानेच येते.

शहरातल्या तरुण प्रेक्षकाची प्रतिक्रिया वेगळी असते आणि तिच्यात थोडा उपहास असतो. उजनीचे पाणी पिणाऱ्या सोलापूरला वर्षानुवर्षे नळाला पाणी मिळाले ते काही दिवसांआड. घरात झडप उघडली की पाणीच पाणी, हे दृश्य पाहून प्रेक्षागृहात हसू फुटले तर त्याला रसभंग म्हणता येणार नाही.

ॲनिमेशन म्हणजे मुलांचा खेळ किंवा सरकारी उपदेश, ही समजूतही प्रतिसादाच्या आड येते, आणि तिलाही इतिहास आहे. दादासाहेब फाळके यांनी 1915 मध्ये 'आगकाड्यांची मौज' हा काड्या हलवून केलेला लघुपट बनवला, म्हणजे आपल्याकडे या कलेची सुरुवात प्रयोगानेच झाली. पण 1956 मध्ये फिल्म्स डिव्हिजनचा कार्टून विभाग सुरू झाला आणि पुढची काही दशके मुख्य चित्रपटाआधी सरकारी लघुपट दाखवणे चित्रपटगृहांना बंधनकारक राहिले, तेव्हा सर्वसामान्य प्रेक्षकापर्यंत पोहोचलेले हलते चित्र बहुतांशी कुटुंबनियोजन, बचत आणि एकात्मतेचे होते. प्रमोद पतींसारख्या दिग्दर्शकाने त्याच छत्राखाली 'एक्सप्लोरर' सारखे धाडसी प्रयोग केले, हे खरे. मात्र त्यांनी प्रेक्षकाची सवय बदलली असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. पडद्यावरचे चित्र काहीतरी शिकवणार आहे, अशा तयारीने बसलेला माणूस शेवटी 'यातून घ्यायचे काय?' असे विचारतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

खरे तर कातोचा चित्रपट प्रायोगिक म्हणावा का, हाही प्रश्नच आहे. मजले ओळीने आहेत, आठवणी ओळीने आहेत, प्रेक्षक कुठेही चुकत नाही. आठवणीचा खरा गुंता पाहायचा तर युरी नॉर्स्टाइन यांच्या 1979 च्या 'स्काझ्का स्काझोक' (कथांची कथा) या सोव्हिएत चित्रपटाकडे जावे लागते. महायुद्धाच्या काळात जन्मलेल्या या दिग्दर्शकाने काचेच्या अनेक थरांवर कागदी कात्रणे हलवून आपल्या बालपणातले पाडले गेलेले घर, अंगाईतला लांडगा आणि टँगो नाचताना जोडीदारांच्या मिठीतून एकेक करून नाहीसे होणारे पुरुष एकत्र आणले. त्यात आधी काय आणि नंतर काय, हे शोधूनही सापडत नाही. तिथल्या अधिकाऱ्यांनाही तो पचला नाही आणि मूळ शीर्षक बदलावे लागले. पुढे 1984 मध्ये लॉस एंजेलिसला घेतलेल्या जाणकारांच्या कौलात तोच आजवरचा सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपट ठरला. दोन्ही चित्रपट एका बैठकीत पाहिले तर कातोवर बोलणे फुटते आणि नॉर्स्टाइनवर बराच वेळ कोणी बोलत नाही. माझ्या मते दुसरा चित्रपट मोठा आहे, परंतु सोलापूर जिल्ह्यात पहिल्याला जी जमीन मिळते ती दुसऱ्याला मिळत नाही.

त्या जमिनीतूनच चित्रपटावरचा एक आक्षेपही उगवतो. कातोचा म्हातारा वर सरकताना पलंग आणि खुर्च्या खालीच सोडतो, म्हणून तर उतरल्यावर त्याला आठवणी सापडतात. उजनीच्या विस्थापितांना तेवढे सोडणे परवडणारे नव्हते. वासे, तुळया, चौकटी, दारे, जमेल तेथे घडीव दगडसुद्धा उतरवून बैलगाडीने नव्या गावठाणात नेले गेले आणि तिथल्या भिंतींत पुन्हा बसवले गेले. त्यामुळे चित्रपटातल्या त्या खालच्या खोल्या जशाच्या तशा सजलेल्या पाहून जुने लोक म्हणतात, की एवढे लाकूड पाण्यात कोण सोडेल?