डीएनए 'मॅच' होतो म्हणजे नक्की काय होतं? शिंगालच्या सामूहिक कबरी आणि एक अवघड गणित

मार्च २०१८ मध्ये तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी राज्यसभेत सांगितलं की इराकमधल्या मोसुलमधून आयसिस या दहशतवादी संघटनेने पळवून नेलेले ३९ भारतीय कामगार मारले गेलेत, बदूशजवळच्या सामूहिक कबरीत मृतदेह सापडलेत, ३८ जणांचा डीएनए जुळलाय आणि एकाचा ७० टक्के. हा ७० टक्क्यांचा आकडा तेव्हा सगळ्या बातम्यांत आला आणि बऱ्याच लोकांनी त्याचा अर्थ 'डीएनए अर्धवट जुळला, म्हणजे बहुतेक तो नसेलच' असा काढला. तसं नसतं. त्या माणसाचे आईवडील हयात नव्हते, त्यामुळे दुसऱ्या नातेवाईकांचे नमुने वापरावे लागले, एवढंच त्यामागचं कारण होतं. पण ही अडचण ३९ जणांऐवजी अख्ख्या समाजाची असेल तर काय होतं हे बघायचं असेल तर तिथूनच जवळ, शिंगालला जायला लागतं.

शिंगाल (नकाशात सिंजार) हा उत्तर इराकमधला डोंगराळ भाग, यझिदी या छोट्या धर्माच्या लोकांचा. ३ ऑगस्ट २०१४ ला आयसिसने तिथे हल्ला केला, हजारो लोक भर उन्हाळ्यात पाण्याशिवाय डोंगरावर अडकले, सहा हजारांहून जास्त बायका-मुलं पळवली गेली. कोचो गावाला बारा दिवस वेढा होता, १५ ऑगस्टला सगळ्यांना गावच्या शाळेत गोळा केलं, पुरुषांना बाहेर नेऊन गोळ्या घातल्या, बायका-मुलांना सोलाघला नेलं आणि तिथे वयस्कर बायकांना मारलं. नोबेल मिळालेली नादिया मुराद याच गावची, तिची आई आणि सहा भाऊ यात गेले. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने याला स्पष्टपणे वंशसंहार म्हटलं.

आणि हे पहिल्यांदा झालेलं नाही. १८३२ मध्ये रवांदुझच्या कुर्दी मीरने (सरदाराने) शेखान भागात यझिदींची कत्तल केली, १८९२ मध्ये उस्मानी (ऑटोमन तुर्की) सेनापती ओमर वहबी पाशाने मोहीम काढून त्यांचं लालिशचं मंदिरसुद्धा ताब्यात घेतलं, २००७ मध्ये ट्रकबॉम्ब फोडून शेकडो मारले. यझिदी लोक अशा प्रत्येक हल्ल्याला फर्मान म्हणतात आणि २०१४ चं फर्मान त्यांच्या मोजणीत ७४ वं. प्रत्येक वेळी आरोप तोच, की हे सैतानाची पूजा करतात. त्यांचा मेलेक ताऊस हा मोराच्या रूपातला देवदूत आहे, सैतान नाही, पण अफवा शेकडो वर्षं टिकली आणि माणसं मारायला पुरली. आपल्याकडे फिरणारे 'मोर आहे म्हणजे हे मूळचे कार्तिकेयाचे भक्त' असले फॉरवर्डही तेवढेच बिनपुराव्याचे आहेत, ते पुढे पाठवू नका प्लीज.

आता डीएनए. दोन कुठल्याही माणसांचा डीएनए ९९.९ टक्के सारखाच असतो, त्यामुळे सगळा डीएनए तपासून उपयोग नाही. बघतात त्या ठराविक वीसेक जागा, जिथे चार अक्षरांचा छोटा तुकडा परत परत आलेला असतो, कुणाकडे १२ वेळा, कुणाकडे १५ वेळा. याला एसटीआर म्हणतात. प्रत्येक जागी माणसाकडे दोन आकडे असतात, एक आईकडून, एक बापाकडून. म्हणजे कबरीतल्या हाडात १२ आणि १४ निघाले आणि जर्मनीत राहणाऱ्या, वाचलेल्या मुलीकडे १२ आणि १५ आहेत, तर हा तिचा बाप असू शकतो. पण १२ योगायोगानेही सारखा निघू शकतो ना? म्हणून खरा प्रश्न असा विचारतात की तो बाप असेल तर हे आकडे दिसण्याची शक्यता, कुणीतरी परका असेल तर दिसण्याच्या शक्यतेच्या किती पट आहे.

वरच्या उदाहरणात हे गुणोत्तर १ भागिले (४ गुणिले प) असं येतं, इथे प म्हणजे त्या समाजात १२ हा आकडा किती कॉमन आहे. प दहा टक्के असेल तर गुणोत्तर २.५. एका जागी २.५ म्हणजे काहीच नाही, पण वीस जागी असंच निघालं तर २.५ वीस वेळा गुणायचा आणि उत्तर येतं जवळजवळ ९ कोटी! आता प दहाच्या ऐवजी वीस टक्के धरा. गुणोत्तर १.२५, वीस वेळा गुणलं की फक्त ८७ च्या आसपास. ९ कोटींवरून ८७ वर. खऱ्या तपासात प्रत्येक जागेचा प वेगळा असतो आणि फरक इतका टोकाचा नसतो, पण प मधला छोटा फरक गुणाकारात किती फुगतो ते यातून कळतं.

यझिदींच्या बाबतीत नेमकं हेच आडवं येतं. यझिदी धर्मात बाहेरून कुणी येऊ शकत नाही, लग्न समाजातच आणि त्यातही शेख आणि पीर (धर्मगुरूंची घराणी) आणि मुरीद (बाकीचे सामान्य लोक) यांनी आपापल्या गटातच करायचं. जातीतल्या जातीत लग्नं लावणाऱ्या आपल्याला हे वेगळं समजवायला नको, कित्येक घरांत मामाची मुलगी करायची पद्धत अजून आहे. अशा समाजात परक्या माणसांतही आकडे जास्त सारखे निघतात, म्हणून इराकच्या सरसकट लोकसंख्येचा प वापरला तर चुकीच्या माणसाशी मॅच निघू शकतो, दुसऱ्याच्या बापाची हाडं घरी येऊ शकतात. त्यासाठी गणितात एक दुरुस्ती घालतात, पण ती घातली की गुणोत्तर कमी होतं आणि पुरावा म्हणून आणखी नातेवाईकांचे नमुने लागतात.

आणि नातेवाईकच मारलेत. बाप-मुलीत प्रत्येक जागी एक आकडा जुळलाच पाहिजे (क्वचित म्युटेशन, म्हणजे पुढच्या पिढीत जाताना आकडा बदलणं, सोडून), पण सख्ख्या भावंडांत एखाद्या जागी एकही न जुळण्याची शक्यता चारात एकपर्यंत असते, चुलत-मावस नात्यात तर फारच. त्याहून वाईट म्हणजे एकाच कबरीत दोन सख्खे भाऊ असतील, दोघांचं लग्न झालेलं नसेल आणि मागे फक्त बहीण असेल, तर हे दोघं तिचे भाऊ आहेत एवढं डीएनए सांगेल, पण त्यातला थोरला कोण हे सांगूच शकत नाही. तिथे परत वय, दात, जुनं फ्रॅक्चर, अंगावरचे कपडे यावर यायला लागतं. बोस्नियातल्या स्रेब्रेनित्साला १९९५ मध्ये आठ हजारांवर बोस्नियाक (बोस्नियन मुस्लिम) पुरुष आणि मुलगे मारले, नंतर पुरावा लपवायला बुलडोझरने प्रेतं उकरून दुसरीकडे पुरली, एकाच माणसाची हाडं वेगवेगळ्या कबरींत गेली, तरी जवळपास सात हजारांची ओळख पटली कारण आया, बहिणी, मुली मोठ्या संख्येने जिवंत होत्या आणि त्यांनी रक्त दिलं. कोचोत आयासुद्धा मारल्या.

कोचोतलं खोदकाम मार्च २०१९ ला सुरू झालं, फेब्रुवारी २०२१ मध्ये ओळख पटलेल्या पहिल्या १०४ जणांचं गावात दफन झालं. पुरावे गोळा करणारं संयुक्त राष्ट्रांचं पथक सप्टेंबर २०२४ मध्ये बंद झालं, आता काम इराकच्या यंत्रणांकडे आहे आणि कबरी अजून उघडायच्या बाकी आहेत. हाडातला डीएनए जमिनीच्या उष्णतेने तुटत जातो, मांडीचं हाड किंवा दात असेल तर जास्त टिकतो. नवीन पद्धतीत वीसऐवजी हजारो जागा वाचता येतात, त्याने लांबच्या नात्यांचा प्रश्न बराच सुटेल, पण तुलना करायला नमुना तर पाहिजेच आणि वाचलेली म्हातारी माणसं इराकच्या कॅम्पांत, जर्मनीत एकेक करून जातायत. कबर पाच वर्षांनी उघडली तरी चालेल एक वेळ, त्यांचं रक्त आत्ता घेऊन ठेवायला लागेल.