पार्श्वभूमी : जपानमधले छुपे ख्रिस्ती

युनेस्कोने २०१८ मध्ये नागासाकी परिसरातील १२ ठिकाणांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यांत भव्य असे फारसे काही नाही. कोळ्यांची गावे आणि आडबाजूची बेटेच जास्त. या वस्त्यांत काही पिढ्या धर्मगुरूशिवाय, चर्चशिवाय ख्रिस्ती राहिल्या. जपानी ख्रिस्ती इतिहास सांगताना हुतात्म्यांवर भर दिला जातो. पण श्रद्धा पुढे पोहोचवली ती मुख्यतः मरण टाळणाऱ्यांनी, अधिकाऱ्यांपुढे मान तुकवणाऱ्यांनी.

संत फ्रान्सिस झेवियर १५४९ मध्ये कागोशिमाला उतरले. त्यांच्यासोबत गोव्यात बाप्तिस्मा घेतलेला अंजिरो हा जपानी माणूस होता. क्युशू बेटावरच्या सरदारांना पोर्तुगीज व्यापार हवा होता, त्यामुळे काहींनी धर्मही स्वीकारला. त्यांच्यापैकी ओमुरा सुमितादा याने १५८० मध्ये नागासाकी बंदर येशूसंघीयांच्या (जेझुइट धर्मप्रचारकांच्या) हवाली केले. जपान एका छत्राखाली आणू पाहणाऱ्या तोयोतोमी हिदेयोशीला हे खुपणारच. त्याने १५८७ मध्ये धर्मप्रचारकांच्या हद्दपारीचा हुकूम काढला, पण व्यापारापायी त्याची अंमलबजावणी ढिलीच राहिली.

५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर २६ जणांना क्रुसावर चढवले गेले. क्योतोहून भर थंडीत त्यांना तिथवर आणले होते. त्यांत वसईत जन्मलेले, फ्रान्सिस्कन या कॅथलिक संघाचे ब्रदर गोन्सालो गार्सिया होते. जपानी उत्तम येत असल्याने हिदेयोशीच्या दरबारात दुभाष्याचे काम तेच करत. १८६२ मध्ये या सर्वांना संतपद मिळाले.

सरसकट बंदी आली ती १६१४ मध्ये, हिदेयोशीनंतर सत्तेवर आलेल्या तोकुगावा घराण्याच्या राजवटीत. तेव्हा ख्रिस्ती लोकांची संख्या अंदाजे ३ लाख होती. जाहीर शिक्षा पाहायला गर्दी जमे आणि मरणाऱ्यांबद्दल आदरच वाढे. हे ध्यानात आल्यावर राज्यकर्त्यांनी डाव बदलला. मारण्यापेक्षा धर्म सोडायला लावणे त्यांना अधिक फायद्याचे वाटले. माणसाला खड्ड्यात उलटे टांगण्याची शिक्षा याच काळातली. १६३३ मध्ये तिच्यापुढे येशूसंघाचे जपानमधील प्रमुख क्रिस्तोव्हाओ फेरेरा यांनीही हात टेकले.

छळापेक्षा परिणामकारक ठरली ती कागदपत्रांची यंत्रणा. प्रत्येक घराला बौद्ध मंदिरात नोंद सक्तीची झाली. पाच-पाच घरांचे गट एकमेकांना जबाबदार धरले जात. ख्रिस्ती माणूस पकडून देणाऱ्याला चांदीचे इनाम मिळे, तशा पाट्याच चौकाचौकांत लागलेल्या असत. शिवाय ‘फुमी-ए’ होतेच : येशूची किंवा त्याची आई मरिया हिची प्रतिमा जमिनीवर ठेवायची आणि प्रत्येकाने तिच्यावर पाय द्यायचा. नागासाकीत हा दर नववर्षाच्या सुरुवातीचा नेमच होऊन बसला.

१६३७-३८ चा शिमाबारा उठाव कराच्या जाचातून पेटला, पण त्याच्या निशाणांवर ख्रिस्ती चिन्हे होती. हारा किल्ल्यात बंडखोरांची कत्तल झाली आणि १६३९ मध्ये पोर्तुगीजांना दारे बंद झाली. जपानमध्ये उरलेल्या शेवटच्या धर्मगुरूलाही १६४४ मध्ये ठार करण्यात आले.

धर्मगुरू नाही म्हणजे मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) नाही, पापनिवेदनही (धर्मगुरूपुढे पापांची कबुली) नाही. बाप्तिस्मा मात्र गरज पडल्यास कोणीही देऊ शकतो. तेवढ्या आधारावर गावकऱ्यांनी घडी बसवली. एकाने सणावारांचे कॅलेंडर सांभाळायचे, दुसऱ्याने बाप्तिस्मा द्यायचा. प्रार्थना तोंडपाठ केल्या जात, लिहून ठेवणे धोक्याचे होते. मरियेच्या जागी कान्नोन या बौद्ध देवतेची मूर्ती ठेवली जाई. पापनिवेदनाला धर्मगुरू नसेल तर मनापासूनचा पश्चात्तापही पुरतो, असे सांगणारी एक पुस्तिका १६०३ मध्ये निघाली होती. तिच्या हस्तलिखित प्रती गुपचूप फिरत राहिल्या. प्रतिमेवर पाय देऊन घरी परतलेल्या माणसाला तिचा किती आधार वाटला असेल! माझ्या मते या टिकण्यामागचे सर्वांत मोठे कारण तेच.

जपानची दारे उघडल्यावर नागासाकीत परदेशी रहिवाशांसाठी ओउरा चर्च उभे राहिले. १७ मार्च १८६५ रोजी उराकामी गावची काही माणसे तिथे आली. “आमचे आणि तुमचे मन एकच आहे,” असे त्यांच्यातल्या एका बाईने फादर बर्नार पेतिजाँ यांना हळूच सांगितले आणि मरियेची मूर्ती कुठे आहे ते विचारले. तेव्हा प्रायश्चित्तकाळ, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासाचा काळ, चालू होता, आणि तोही ही माणसे पाळत होती.

बंदी मात्र उठलेली नव्हती. उघडपणे श्रद्धा सांगणाऱ्या उराकामीच्या ३ हजारांहून अधिक लोकांना तोकुगावांनंतर आलेल्या मेइजी सरकारने दूरदूरच्या प्रांतांत हद्दपार केले. त्यांतले ६०० हून अधिक तिकडेच मेले. पाश्चात्त्य देशांशी तहाची बोलणी अडू लागल्यावर २४ फेब्रुवारी १८७३ रोजी बंदीच्या पाट्या उतरल्या.

त्यानंतर सगळेच कॅथलिक चर्चमध्ये परतले नाहीत. फ्रेंच धर्मगुरूंना त्यांच्या विधींत चुका दिसत होत्या. पण पूर्वजांनी जीव धोक्यात घालून जपलेल्या त्या प्रार्थना सोडायला अनेक कुटुंबे तयार नव्हती. इकित्सुकी बेटावर ती वेगळी परंपरा विसाव्या शतकातही चालू राहिली.