जवारीचा दोरा

मागच्या महिन्यात आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक व्हिडिओ फिरत आला. पार्श्वभूमीला तंबोरा, त्यावर भारदस्त आवाजात निवेदन. हल्लीचं संगीत ४४० हर्ट्झवर असतं म्हणून मन बिघडतं, आपल्या ऋषींचा तंबोरा ४३२ हर्ट्झवर जुळलेला असे आणि त्या कंपनांनी म्हणे शरीरातल्या पेशी दुरुस्त होतात. खाली नमस्काराच्या हातांची रांग लागलेली.

मला राग आला तो ऋषींच्या नावाने काहीही खपवल्याचा नव्हे, त्याची आता सवय झाली आहे. राग आला तो तंबोऱ्यासाठी. या वाद्यात खरोखरच थक्क करणारी एक गोष्ट दडलेली आहे आणि व्हिडिओवाले ती सोडून भलतंच दाखवत होते.

आधी ते ४३२ निकालात काढू. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं. सेकंद हे माप माणसाने ठरवलेलं. दिवसाचे ८६,४०० तुकडे केले, त्यातला एक. पुढे १९६७ साली सिझियम अणूच्या ९,१९,२६,३१,७७० आंदोलनांवर त्याची व्याख्या बसवली. आपल्या जुन्या मापांत सेकंद नव्हताच. घटिका होती आणि पळ होतं, एक पळ म्हणजे २४ सेकंद. त्या हिशेबाने ४३२ हर्ट्झ म्हणजे पळाला १०,३६८ कंपनं. या आकड्याला कोणी हात जोडेल का? शिवाय आपल्याकडे ‘सा’ ठरलेला नसतोच. माझी आत्या काळी चारला, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीला सा धरून, गायची, तिच्याच गुरूंकडे शिकलेले एक काका काळी एकला. ज्याचा गळा, त्याचा षड्ज, म्हणजे सा. तंबोरा गळ्याला जुळवतात, आकड्याला नाही.

आता खऱ्या गोष्टीकडे.

आत्या गेल्यावर तिचा तंबोरा आमच्याकडे आला. वर्षभर गवसणीत पडून होता. काढला, तारा पिळल्या, सूर जुळले, पण आवाज डब्यावर रबर ताणल्यासारखा, टण् म्हणून विझणारा. मिरजेला घेऊन गेलो. तिथे सतार-तंबोऱ्याचं काम १८५०च्या सुमारास सुरू झालं असं सांगतात. मूळचे हत्यारांना धार लावणारे शिकलगार या कामाकडे वळले. पंढरपूरच्या बाजूला भीमाकाठी पिकणारे कडू भोपळे तिथे येतात, वाळतात, त्यांचे तंबोरे होतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं.

ज्या दुकानात गेलो तिथल्या चाचांनी तंबोरा मांडीवर आडवा घेतला, एकदा छेडला आणि म्हणाले, “जवारी गेलीय. दोरा पण नाही.” जवारी म्हणजे घोडीच्या पाठीला घासून दिलेला तो आकार, ज्यामुळे तार झंकारते; आणि घोडी म्हणजे भोपळ्यावरची तारा पेलणारी पट्टी. त्या घोडीवर जिथे तार टेकते तिथे बोट फिरवायला लावलं. नखाला जेमतेम कळेल एवढी चर पडली होती. इतक्या वर्षांत तारेने घोडीत आपलं घर केलं होतं. त्यांनी तारा सैल करून बाजूला घेतल्या आणि बारीक कानशीने घोडीची पाठ घासायला घेतली. चार हात मारायचे, तार ताणायची, छेडायची, मान हलवायची, पुन्हा सैल करायची. असं तासभर. शेवटी रिळातून पांढरा सुती दोरा तोडला, तार आणि घोडी यांच्यामध्ये सरकवला आणि चिमटीत धरून पुढे-मागे हलवत राहिले. एका जागी दोरा आला आणि डब्याचा तंबोरा झाला. खोलीभर झंकार पसरला. फरक दोऱ्याच्या एक-दोन मिलिमीटर सरकण्याचा.

हे काय झालं?

शाळेतला तारेचा प्रयोग आठवा. ताणलेली तार दोन टोकांना घट्ट बांधलेली. छेडली की पूर्ण लांबीची एक डुलकी घेते, तो मूळ स्वर. त्याच वेळी ती दोन भागांत, तीन भागांत, चार भागांतही थरथरत असते. ते उपस्वर, दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारतेचे. गिटारीत हे उपस्वर छेडल्या क्षणी जेवढे असतात तेवढेच. पुढे ते फक्त विझत जातात, आणि वरचे उपस्वर आधी विझतात. म्हणून गिटारीची तार सुरुवातीला चमकते आणि मग मऊ होत जाते. तंबोऱ्यात मात्र छेडल्यानंतरही चमक टिकते, कधी कधी वाढल्यासारखी वाटते. वरच्या उपस्वरांना रसद कुठून मिळते?

उत्तर घोडीत आहे. गिटार-व्हायोलिनची घोडी धारदार असते, तार तिथे एका बिंदूवर टेकते. तंबोऱ्याची घोडी बोटभर रुंद पाटासारखी. सपाट दिसते पण नसते. न्हाणीघराच्या फरशीला पाणी वाहून जावं म्हणून गवंडी जेवढा ढाळ देतो, तेवढाच ढाळ तारेच्या दिशेने दिलेला असतो. त्या ढाळावर तार जवळजवळ टेकलेली आणि जवळजवळ सुटलेली असते. दोरा तिला केसभर उचलून धरतो.

तार वर जाते तेव्हा तिची हलणारी लांबी दोऱ्यापासून सुरू होते. खाली येते तेव्हा घोडीच्या पुढच्या ढाळावर आपटते आणि तेवढा वेळ तिची लांबी तिथूनच सुरू होते. म्हणजे एकाच कंपनाच्या दोन भागांत तार दोन वेगवेगळ्या लांबीची! काळी एकला जुळवलेल्या तंबोऱ्यात खर्जाची, म्हणजे सर्वांत खालच्या सा ची, तार सेकंदाला साधारण ७० वेळा हलते. म्हणजे सेकंदाला ७० वेळा ती घोडीला चाटून जाते.

प्रत्येक वेळी चाटताना गुळगुळीत वळणात डुलणाऱ्या तारेला एक बारीकसा कोपरा पडतो. आणि कोपरा ही मोठी गंमतीची चीज आहे. मोठ्या, सावकाश लाटा एकमेकींवर कितीही रचल्या तरी टोकदार कोपरा तयार होत नाही. त्याला बारीक, जलद लाटा लागतातच. उलट बाजूने पाहिलं, तर तारेत कोपरा पडला याचाच अर्थ तिच्यात बारीक लाटा, म्हणजे वरचे उपस्वर, आले. त्यांची ऊर्जा घोडीने दिली नाही. घोडी जवळजवळ हलत नाही, आणि जे हलत नाही ते कार्य करत नाही, हे आपण नववीत शिकलो. ऊर्जा मूळ डुलकीतूनच आली. खर्जाच्या मोठ्या, आळसट झोक्यातली थोडी थोडी ऊर्जा काढून वरच्या उपस्वरांना वाटण्याचं काम घोडी दर फेरीला करते. गिटारवाला ज्याला ‘तार पडद्याला लागते’ म्हणून दोष समजतो आणि दुरुस्त करून घेतो, तोच दोष आपल्या कारागिरांनी घासून घासून कलेपर्यंत नेला.

हे सगळं एका जुन्या नियमाविरुद्ध आहे, हे प्रयोगाने दाखवलं चंद्रशेखर वेंकट रामन यांनी. प्रकाशाच्या विकिरणासाठी १९३०चं नोबेल मिळालं तेच रामन. त्याआधी कोलकात्यात ते वाद्यांच्या मागे लागले होते. १९१७पर्यंत अर्थखात्यात नोकरी आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळा असा त्यांचा दिनक्रम होता. तबल्या-मृदंगाच्या शाईवर त्यांनी १९२०मध्ये लिहिलं (त्यावर स्वतंत्र लेखच हवा), आणि १९२१मध्ये वीणा-तंबोऱ्यावर. थॉमस यंग या इंग्रज शास्त्रज्ञाचा जुना नियम असा की तार ज्या बिंदूवर छेडाल, तो बिंदू ज्या उपस्वराचा निस्पंद बिंदू (जिथे तो उपस्वर हलतच नाही) असेल, तो उपस्वर उमटणारच नाही. तार बरोबर मध्यावर छेडली तर दुसरा, चौथा, सहावा उपस्वर गायब व्हायला हवा. रामन यांना तंबोऱ्यात ते उपस्वर ठणठणीत ऐकू आले. छेडताना जे तारेत घातलंच नव्हतं, ते तार नंतर स्वतः निर्माण करत होती.

तंबोरा घरात असेल तर करून पाहा. बाकीच्या तीन तारा एका हाताने दाबून ठेवा, नाहीतर त्या सहानुभूतीने वाजून घोळ करतील. चौथी तार बरोबर मध्यावर छेडा आणि लगेच त्याच जागी बोट हलकेच टेकवा. मध्यावर ज्यांचं हेलकावणं असतं ते सगळे स्वर बोटाने मरतात, मूळ स्वरसुद्धा. साध्या तारेत जवळजवळ शांतता पसरते. तंबोऱ्यात वरच्या सप्तकातला स्वर गुणगुणत राहतो. दोरा काढून हाच प्रयोग पुन्हा करा.

इथून पुढचा परिच्छेद जरा अवघड आहे, पण मला तो टाळवत नाही. खरी तार आदर्श दोरीसारखी लवचीक नसते. पोलादी किंवा पितळी असल्यामुळे तिला स्वतःचा थोडा ताठरपणा असतो. त्या ताठरपणामुळे बारीक लाटा मोठ्या लाटांपेक्षा जास्त वेगाने धावतात. घोडीपाशी पडलेला कोपरा तारेवरून निघतो, मीटरभर पुढच्या टोकापर्यंत जाऊन परततो, तोवर त्यातल्या बारीक लाटा पुढे निघून गेलेल्या असतात. पालखीच्या पुढे पताकावाले निघावेत तशा. एकाच कोपऱ्याचा आता बारीक तरंगांचा पुंजका झालेला असतो. तो घोडीवर येतो, तार पुन्हा चाटते, पुन्हा कोपरा पडतो, पुंजका पुन्हा शिस्तीत येतो. ताठरपणामुळे वरचे उपस्वर खरं तर थोडे चढे व्हायला हवेत, पियानोत होतात तसे. पण इथे ते दर फेरीला नव्याने घडत असल्यामुळे मूळ स्वराच्या पटीत राहतात. या पुंजक्याची वारंवारता ठरते ती दोरा घोडीच्या कडेपासून किती आत आहे यावरून. कंपन लहान होत गेलं की तार घोडीच्या ढाळावर कुठे टेकते ती जागाही हळूहळू सरकते, आणि त्याबरोबर उपस्वरांतला सर्वांत तेजस्वी पट्टाही. तंबोऱ्याच्या एकाच स्वरात काहीतरी सतत उमलतंय असं वाटतं, ते हे. दोऱ्याच्या दोन मिलिमीटरचं महत्त्वही यातच आहे.

या उपस्वरांतूनच गायकांना ‘स्वयंभू गंधार’ ऐकू येतो. यात गूढ काही नाही आणि भास तर अजिबात नाही. खर्ज ७० धरा. उपस्वर १४०, २१०, २८०, ३५०. यात २८० हा सा आणि ३५० त्याच्या सव्वापट, म्हणजे शुद्ध गंधार. चार तारांपैकी एकही गंधाराला लावलेली नसते, तरी तो असतो, मोजता येतो. जवारी उत्तम असेल तर नवव्या उपस्वरातला रिषभही, ६३०वर, सापडतो.

आता शेजारी हार्मोनियम ठेवा. समान अंतरांच्या बारा पट्ट्यांत बसवण्यासाठी तिचा गंधार १.२५ ऐवजी १.२६पट ठेवलेला असतो. म्हणजे ३५०च्या जागी ३५२.८. दोन्ही एकदम वाजले की सेकंदाला जवळजवळ तीन हेलकावे ऐकू येतात, वा-वा-वा असे. जुन्या गवयांना पेटी खटकायची ती या हेलकाव्यांमुळेही. आमच्या सांगलीच्या भागातच कृष्णाजी बल्लाळ देवल या निवृत्त डेप्युटी कलेक्टरांनी १९१०च्या सुमारास अब्दुल करीम खाँसाहेबांकडून स्वर गाऊन घेत तारेच्या लांबीवर श्रुती, म्हणजे सप्तकातल्या बारीक स्वरजागा, मोजल्या होत्या. त्यांच्या सगळ्याच निष्कर्षांशी मी सहमत नाही, पण माणूस मोजत होता, पोथी दाखवत नव्हता.

व्हिडिओवाल्यांसाठी जाता जाता एक. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरमधून ७० हर्ट्झ जवळजवळ बाहेरच पडत नाही. तरी तंबोऱ्याच्या ॲपमध्ये तुम्हाला खर्ज ऐकू येतो. १४०, २१०, २८० हे कानावर पडले की त्यांच्यातलं ७०चं अंतर ओळखून खर्ज मेंदूच भरून काढतो. मग पेशी दुरुस्त करणारं कंपन नेमकं कुठलं, स्पीकरमधून न निघालेलं?

मिरजेत त्या दिवशी मी उत्साहाने फोनवर वर्णपट दाखवणारं ॲप उघडलं होतं. आडवी काळ, उभी वारंवारता, प्रत्येक उपस्वराची एक उजळ रेघ. चाचा दोरा सरकवत होते तसा त्या रेघांमधला तेजस्वी पट्टा वर-खाली होत होता, अगदी पुस्तकात लिहिल्यासारखा. मी फोन त्यांच्यासमोर धरला आणि भराभरा समजावायला लागलो. त्यांनी क्षणभर पडद्याकडे पाहिलं, मग म्हणाले, “सर, जरा बाजूला घ्या, उजेड अडतोय.” आणि पुन्हा चिमटीत दोरा धरून तार छेडली.