'तिच्या घराले पायरीच नाही'

आठवडी बाजाराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी प्राथमिक आरोग्य केंद्रात तासभर बसा. डोळ्याखाली काळंनिळं झालेली बाई येते, केसपेपर काढताना कारण सांगते, 'पायरीवरून पडली जी.' सिस्टर मान वर न करता लिहून घेते. बाकावर शेजारी बसलेली आशाताई माझ्याकडे वळून पुटपुटली, 'तिच्या घराले पायरीच नाही.'

मारहाण म्हणजे पोलिसांचं काम, नाहीतर घरातली गोष्ट. दवाखान्यानं टाके घालावेत आणि गप्प बसावं. ही समजूत काही आपल्याकडचीच नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या वार्षिक परिषदेनं हिंसाचार हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे, असा ठराव केला तो 1996 साली. संघटनेच्या 2002 च्या मोठ्या अहवालात दुसऱ्यावर उचललेला हात, गटागटांतली मारामारी आणि स्वतःचा जीव घेणं हे तिन्ही एकाच खात्यात धरलं गेलं. पद्धत कॉलऱ्याच्या साथीचीच: कोण, कुठे, कधी, कशामुळे ते मोजा, मग पाणी जिथे दूषित होतं तिथे जा.

कोलंबियातल्या काली शहराचे महापौर रोद्रिगो गेरेरो हे साथरोगतज्ज्ञ होते. 1992 नंतर त्यांनी खुनांचा हिशेब मांडला, तर खून पगाराच्या शनिवार-रविवारी आणि दारूच्या जोडीनं जास्त होत होते. त्यांनी त्या दिवसांत शस्त्र बाळगायला बंदी घातली, दारूविक्रीची वेळ कमी केली, खून घटले. आपल्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी 'कर' असते, मटण शिजतं, बाटली फुटते. त्या रात्री कुठल्या मोहल्ल्यात काय होणार, हे सांगायला वऱ्हाडात तज्ज्ञ लागत नाही. फक्त ते कुणी लिहून ठेवत नाही.

लिहून ठेवण्याचं काम विदर्भात आधी झालं ते गडचिरोलीत. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग 1986 मध्ये तिथे गेले ते बाळंतपणं आणि बालमृत्यूंच्या कामासाठी. गावच्या बाया मात्र दारूचंच सांगत राहिल्या: मजुरी दारूत जाते, रात्री मार बसतो. 1988 पासून गावोगाव पाहणी आणि सभा झाल्या. हिशेब निघाला तेव्हा जिल्ह्याच्या विकासावर सरकार वर्षाला खर्च करतं त्याहून जास्त पैसा लोक दारूत घालवत होते. हा आकडा भाषणापेक्षा भारी पडला. 1993 मध्ये जिल्ह्यात दारूबंदी झाली. वर्ध्यातली बंदी त्याहून जुनी, 1970 च्या दशकातली. पण ती गांधीजींच्या नावानं आली होती, ही बायांच्या मोजणीतून आली.

पुढे सरकारनं 2008 मध्ये उभी बाटली-आडवी बाटलीच्या मतदानाचे नियम केले. निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी 'आडवी'वर शिक्का मारला की दुकान बंद, असं त्यात ठरलं. चंद्रपूरची बंदी 2015 मध्ये आली आणि 2021 मध्ये उठलीही. बंदीनं दारू थांबते की मागच्या दारानं येते, हा वाद अजून चालू आहे. गडचिरोलीत 2016 पासून 'मुक्तिपथ' हा दारूमुक्तीचा उपक्रम बंदीला गावसमित्या आणि व्यसन उपचार यांची जोड देतो. नुसत्या कायद्यावर भागत नाही, ही त्यामागची कबुलीच म्हणा ना.

दुसरी वाट तंटामुक्तीची. 15 ऑगस्ट 2007 रोजी आर. आर. पाटील गृहमंत्री असताना ही मोहीम सुरू झाली: गावात समिती, तंटे गावातच मिटवायचे, गाव तंटामुक्त झालं की लाखांत बक्षीस. बांधाचे, धुऱ्याचे कितीतरी वाद त्यामुळे कोर्टाची पायरी चढले नाहीत, हे खरंच. पण मिटणं वेगळं आणि थांबणं वेगळं. नवऱ्यानं मारलेल्या बाईला चार शहाणे 'घे बा मिटवून' म्हणतात तेव्हा गावाचा तंटा कमी होतो, तिचा मार नाही. तक्रार कमी झाली की बक्षीस मिळत असेल, तर तक्रार दाबायचा मोह कुणाला होणार नाही? ही मोहीम सुरू होण्याच्या वर्षभर आधी, 29 सप्टेंबर 2006 ला, भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत एका दलित कुटुंबातल्या चौघांचा जीव घेतला गेला. शेतातून रस्ता काढण्याचा वाद, पोलिसांपुढची साक्ष, सगळं गावाला आधीपासून ठाऊक होतं.

आणि तिसरा हिंसाचार, स्वतःवरचा, म्हणजे आत्महत्या. विदर्भाचं नाव देशभर गेलं ते त्यानं. चर्चा कर्ज आणि कापसाच्या भावाची झाली, व्हायलाच हवी होती. मनाच्या दुखण्याकडे लक्ष उशिरा गेलं. अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत 'विश्राम' प्रकल्पानं गावातल्याच माणसांना शिकवून नैराश्य असलेल्यांपर्यंत पोचवलं. आधी अशा 100 पैकी जेमतेम 4 जण उपचारापर्यंत जात. दीड वर्षानं हा आकडा 27 वर गेला.

राहिला तो कीटकनाशकाचा डबा. पऱ्हाटीवर फवारायचं औषध घरातच, कणगीमागे नाहीतर माळ्यावर असतं. श्रीलंकेत 1995 पासून जहाल कीटकनाशकांवर बंदी आली आणि दहा वर्षांत आत्महत्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं. तिथेच नंतर औषध ठेवायला कुलपाच्या पेट्या वाटून पाहिल्या; त्यांचा उपयोग दिसला नाही. फवारणीच्या दिवसांत कुलूप लावतो कोण.