आजचं वचन शोधणं आणि देव कसा आहे ते बघणं, फरक आहे बरं का

३१ डिसेंबरच्या रात्री चर्चमध्ये बायबलमधल्या वचनांची कार्डं वाटतात, आणि दरवर्षी कोणाच्या ना कोणाच्या हातात यिर्मया २९:११ येतंच, तुमच्याबद्दल माझे विचार हिताचे आहेत वाईटाचे नाहीत, ते. मग सदरपासून कामठी रोडपर्यंत सगळ्यांच्या स्टेटसवर तेच झळकून राहिलं असते, इंटरव्ह्यू असो, पोरीचं लग्न असो नाहीतर ऑपरेशन. यात वाईट काही नाही. पण सकाळी बायबल उघडून "आज माझ्यासाठी काय आहे" बघणं वेगळं आणि "यात देव कसा दिसतो" बघणं वेगळं. दोघांनाही आपण मननच म्हणतो, खुर्ची तीच, चहा तोच, पेनाने रेघ ओढलेलं पान तेच, म्हणून घोळ होतो.

आता हाच अध्याय जरा वरून वाचा ना. ते एक पत्र आहे, यरुशलेमेतून बाबेलला कैद करून नेलेल्या लोकांना यिर्मया संदेष्ट्याने पाठवलेलं. घरं बांधा, बागा लावा, पोरांची लग्नं करा, आणि ज्या शहरात तुम्हाला पकडून नेलं त्याच शहरासाठी प्रार्थना करा, हे सातव्या वचनात. दहाव्यात परत आणायला ७० वर्षं! म्हणजे पत्र ऐकणाऱ्यांपैकी कितीतरी जण घरी परत येणारच नव्हते. आदल्याच अध्यायात हनन्या नावाचा खोटा संदेष्टा छातीठोक सांगून राहिला होता की दोन वर्षांत सगळं ठीक होईल, लोकांना तोच आवडला असेल, आपल्यालाही आवडला असता. पहिल्या पद्धतीने वाचणारा अकरावर थांबतो, त्याचं काम झालं. दुसऱ्याला दिसतो तो शिक्षा देऊनही बोलणं न तोडणारा देव, खोटा दिलासा न देणारा, आणि शत्रूच्या शहराचंही भलं व्हावं म्हणणारा.

पहिल्या पद्धतीची खरी अडचण लेवीयमध्ये, म्हणजे बायबलच्या नियमांनी भरलेल्या तिसऱ्या पुस्तकात कळते. ६६ पुस्तकं, १,१८९ अध्याय, वर्षात संपवायचे तर रोज तीन-चार, आणि बरेच प्लॅन फेब्रुवारीत इथेच बसतात, कारण चामडीच्या रोगाच्या नियमांत माझ्यासाठी काय असणार बाप्पा? पेपरातलं राशिभविष्य बघावं तसं बघितलं तर काहीच नाही. पण १४ वा अध्याय सावकाश वाचा. रोगी छावणीबाहेर राहतो, त्याला तपासायला याजक स्वतः बाहेर जातो. शुद्ध झाल्यावर अर्पणाला तीन कोकरं लागतात, आणि २१ व्या वचनापासून लिहिलंय, माणूस गरीब असला तर एकच कोकरू, बाकीच्यांच्या जागी दोन पारवे किंवा कबुतराची पिल्लं, त्याला परवडेल ते. नियम घालतानाही गरिबाच्या खिशाकडे बघणारा देव, आणि हे आपण पानं उलटून पुढे जातो.

कवी नारायण वामन टिळकांचं आठवते. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना गाडीतल्या एका परदेशी प्रवाशाने त्यांना नवा करार दिला, आणि वाचता वाचता येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते असे अडकले की पुढे १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. ते काही कार्ड काढायला बसले नव्हते.

अर्थात दुसरी पद्धतही नुसती गुणांची यादी होऊ शकते. दयाळू, कृपाळू, मंदक्रोध, निर्गम ३४:६, झालं पाठ. ही यादी योना संदेष्ट्याला तोंडपाठ होती, ४:२ मध्ये तो तीच देवाला ऐकवतो, पण तक्रार म्हणून: तू असा आहेस हे माहीतच होतं, म्हणून तर मी पळालो! ज्या शत्रूच्या निनवे शहराला देवाने त्याला इशारा द्यायला पाठवलं होतं, तिथले लोक वाचले याचा त्याला राग. त्यावर देव उलट विचारतो, या १,२०,००० पेक्षा जास्त माणसांची आणि एवढ्या गुराढोरांची मला कीव येऊ नये का? पुस्तक तिथेच संपते, योनाचं उत्तर नाहीच. मी हा अध्याय कोणावर डोकं तापलं असते त्या दिवशी वाचतो, फारच गैरसोयीचा आहे.